पास मागू नकोस, तिकीट काढ

मनू, तू पाठवलेली यादी वाचली. २०२५ मधले रॉकचे सगळे मोठे कार्यक्रम एकाखाली एक, आणि जवळजवळ प्रत्येकासमोर लाल पेनाने लिहिलेलं ‘हुकलं’. कोल्डप्ले हुकलं, ग्रीन डे हुकलं, गन्स अँड रोझेस हुकलं. शेवटी तळटीप: ताई, नाशिकमध्ये राहून काही अर्थ नाही. म्हटलं, आता हिच्याशी नीट बोलायलाच हवं. आईसमोर हा विषय निघत नाही, कारण तिच्या मते हे सगळे एकच गाणं वेगवेगळे कपडे घालून ओरडतात.

आधी कोल्डप्लेचं बोलू, कारण ते तुला सगळ्यात जास्त लागलंय. तुला वाटतं, अख्खं जग नेरूळला होतं आणि तू एकटी गंगापूर रोडला. अगं, २२ सप्टेंबर २०२४ चा तो रविवार आठव. दुपारी बाराला तिकीटविक्री उघडली तेव्हा तू, तुझ्या मैत्रिणी, इतकंच काय पप्पांचासुद्धा मोबाइल रांगेत लावलेला होता. पुढे रांगेत लाखांनी माणसं. अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंतची तिकिटं बघता बघता संपली, त्याच दिवशी तिसरा कार्यक्रम जाहीर झाला, तोही संपला. आणि मग तीच तिकिटं भलत्याच ठिकाणी लाखाच्या भावाने दिसायला लागली. प्रकरण मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेपर्यंत गेलं. अशा बाजारात आपल्यासारख्यांच्या हाती काही लागलं नाही, तर त्याचं दुःख वर्षभर उशाशी घेऊन झोपायचं कारण नाही.

आणि तुझं पूर्ण हुकलं असंही नाही. जानेवारीत १८, १९ आणि २१ ला डी. वाय. पाटील स्टेडियम झालं, मग २५-२६ ला अहमदाबाद. त्यातला २६ जानेवारीचा कार्यक्रम हॉटस्टारवर थेट दाखवला आणि आपण तो हॉलमध्ये बसून पाहिला. ख्रिस मार्टिनने ‘माँ तुझे सलाम’ म्हणायला घेतल्यावर आई पोळ्या टाकून येऊन बसली होती. तुला वाईट वाटेल, पण माझं मत ऐक: दिमाख बघण्यासारखा होता, ते मनगटावरचे लुकलुकणारे पट्टे, ते रंग, सगळं. गाणं म्हणून मात्र या वर्षातलं माझ्या डोक्यात राहिलेलं काहीही त्या मंचावरचं नाही.

यादीवर पुन्हा नजर टाक आणि सांग, त्यात नवं काय आहे? ग्रीन डे ९ मार्चला महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा महोत्सवात पहिल्यांदा भारतात वाजवून गेले. त्यांचा ‘डूकी’ हा अल्बम १९९४ चा, ‘अमेरिकन इडियट’ २००४ चा. म्हणजे दोन्ही तुझ्या जन्माआधीचे. गन्स अँड रोझेस १७ मेला त्याच रेसकोर्सवर आले. २०१२ मध्येही आले होते, पण तेव्हा स्लॅश आणि डफ बँडमध्ये नव्हते, त्यामुळे चाहत्यांच्या लेखी खरे गन्स अँड रोझेस यंदाच आले. तिकडे ऑएसिसचे दोन भाऊ इतक्या वर्षांचं भांडण मिटवून ४ जुलैला कार्डिफमध्ये एका मंचावर उभे राहिले आणि जगभरचे चाळिशी-पन्नाशीतले लोक रडले. छानच झालं. पण मनू, ही सगळी दुसऱ्यांच्या तरुणपणाची आठवण आहे. तू वीस वर्षांची आहेस. तुझ्या वयाला घडणारं संगीत यंदा कुठे होतं, हे तुझ्या यादीत नाहीच.

ते जूनमध्ये होतं: टर्नस्टाइलचा ‘नेव्हर इनफ’. जुलैत वेट लेगचा ‘मॉइश्चरायझर’. सप्टेंबरच्या शेवटी गीझ नावाच्या न्यूयॉर्कच्या पोरांचा ‘गेटिंग किल्ड’, जो पहिल्यांदा ऐकताना तुला वाटेल की सगळे वेगवेगळ्या खोलीत बसून वाजवताहेत. धीर धर, पुन्हा ऐक. यातल्या एकाचंही तिकीट काढावं लागत नाही, मुंबईला जावं लागत नाही. फक्त एक कर, अख्खा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत लाव आणि तेवढा वेळ मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव. तीस सेकंदांच्या रीलमध्ये ऐकलेल्या गाण्याला ‘ऐकलं’ म्हणायचं नाही, निदान माझ्यासमोर तरी.

आता मला यंदाचा सगळ्यात मोठा दिवस कोणता वाटतो, ते सांगते. ५ जुलै, बर्मिंगहॅम. व्हिला पार्क या फुटबॉलच्या मैदानावर ब्लॅक सॅबथचे मूळचे चौघे शेवटचं वाजवायला जमले: ऑझी ऑस्बॉर्न, टोनी आयोमी, गीझर बटलर आणि बिल वॉर्ड. चौघं एकत्र वाजवत होते ते २००५ नंतर पहिल्यांदा. मैदान ॲस्टन भागातलं, म्हणजे ते लहानाचे मोठे झाले तिथलंच. पार्किन्सनमुळे ऑझीला उभं राहता येत नव्हतं, म्हणून तो काळ्या सिंहासनावर बसून गायला. त्याच्या आधी दिवसभर मेटालिका, स्लेयर आणि मुंबईत नुकतेच येऊन गेलेले गन्स अँड रोझेस, सगळ्यांनी सॅबथची गाणी वाजवून त्यांना दाद दिली. जमलेला नफा धर्मादाय कामांना, त्यात पार्किन्सनवरच्या संशोधनाला आणि मुलांच्या हॉस्पिटलला. सतरा दिवसांनी, २२ जुलैला ऑझी गेला, ७६ व्या वर्षी. अंत्ययात्रा बर्मिंगहॅमच्या रस्त्यावरून निघाली तेव्हा पुढे ब्रास बँड सॅबथचंच गाणं वाजवत चालला होता. आपल्याकडे लग्नात असतो ना, तसाच पितळी वाद्यांचा बँड.

पण मला सांगायचंय ते आयोमीचं. बर्मिंगहॅम कारखान्यांचं गाव. सतरा वर्षांचा हा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला. बँडबरोबर दौऱ्यावर जायचं म्हणून नोकरी सोडली होती आणि तो शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा म्हणाला, आता परत जात नाही. आईने परत पाठवलं, काम पुरं करून ये म्हणून. त्या दिवशी प्रेसवरचं माणूस आलं नव्हतं, याला बसवलं, आणि प्रेसने उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं नेली. डावखुरा वाजवणारा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. डॉक्टर म्हणाले, गिटार विसर. कारखान्याच्या फोरमनने घरी येऊन त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. जळालेल्या हाताच्या दोन धड बोटांवर वाजवणारा माणूस तो. मग आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. जाड तारा दाबवत नाहीत म्हणून बारीक तारा लावल्या. पुढे तारा सैल करून सूर खाली उतरवला. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’मध्ये तो सूर आणखी खाली गेला, आणि आज हेवी मेटल म्हटल्यावर जो जड, खोल आवाज आपल्या पोटात वाजतो, त्याच्या मुळाशी ती अडचण आहे.

पप्पांना विचार, सातपूरच्या प्रेस शॉपमध्ये दोन्ही हातांनी दोन वेगवेगळी बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली का येत नाही. हात आत राहूच नये म्हणून. ते सांगतील, जुन्या काळी पायाने पेडल दाबून चालणाऱ्या प्रेसवर किती जणांची बोटं गेली. सातपूर आणि अंबड हे आपलं बर्मिंगहॅम आहे, मनू. तू म्हणतेस नाशिकमध्ये काही होत नाही. कारखान्याची शिफ्ट, पगाराची ओढाताण, घरातली ‘हे सोड आणि नोकरीचं बघ’ अशी रोजची टकळी, एवढं सगळं सॅबथच्या पोरांकडेही होतं. मुंबईच्या रेसकोर्सपासून आपण लांब आहोत, हे काही रडायचं कारण नाही.

जाता जाता, तुझ्या वर्गातल्या त्या मुलाचं. सॅबथचा टी-शर्ट घातलास म्हणून त्याने पाच गाण्यांची नावं विचारली आणि तुला घाम फुटला म्हणालीस. पुन्हा विचारलं तर उत्तर देऊ नकोस. मुलीने बँडचा टी-शर्ट घातला की परीक्षा घ्यायची ही जुनी खोड आहे आणि ती फक्त मुलींच्याच वाट्याला येते. त्याला आयोमीच्या बोटांची गोष्ट माहीत आहे का, एवढं मात्र हळूच विचार.

आपल्याकडचं यंदा काय झालं, तेही सांगते. दिल्लीच्या ब्लडीवूडचा ‘नू डेल्ही’ २ मेला आला. आठच गाणी, पण भारतीय मेटलमध्ये यंदा याच्या तोडीचं दुसरं मला काही सापडलं नाही. यूट्यूबवर दुसऱ्यांच्या गाण्यांची टर उडवण्यापासून सुरुवात केलेली ही पोरं. आता जपानच्या बेबीमेटलबरोबर ‘बेखौफ’ गातात आणि ‘तडका’ नावाचं गाणं चक्क जेवणावर करतात. ढोल त्यांच्याकडे चवीपुरता नाही, ड्रम्सच्या बरोबरीने वाजतो. ज्या गावाच्या नावाने ढोल ओळखला जातो, त्या गावातल्या एखाद्या पथकाला आणि एखाद्या गिटारवाल्याला अजून एकत्र बसावंसं वाटलं नाही, याचं मला नवल वाटतं. गणपतीत शंभर ढोल एकाच वेळी ऐकणाऱ्या पोरांना मेटलचा मोठा आवाज नवीन थोडाच आहे?

मराठीत ऐकायचं तर अभंग रिपोस्ट ऐक. मुंबईची पोरं, तुकोबांचे अभंग बास गिटार आणि ड्रम्सवर घेतात. आजीला ऐकव. पौष वारीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या दर्शनाला जाणारी आपली आजी भुवया उंचावेल, पण टाळ कुठे चुकला ते तिला बरोबर कळेल आणि चुकला नाही हेही कळेल. पुण्याचे ईझी वॉंडरलिंग्ज संध्याकाळी खिडकीत बसून ऐकायचे. आणि रघू दीक्षित, जो कन्नडमध्ये शिशुनाळ शरीफांच्या रचना गिटारवर गातो, तो वाढला म्हैसूरला पण जन्मला नाशिकमध्ये. गावात कुणाला विचारून बघ, किती जणांना माहीत आहे.

सुलाफेस्ट परत आला, ही तर यंदाची आपल्या घरची बातमी. २००८ पासून द्राक्षमळ्यातल्या त्या उघड्या प्रेक्षागृहात होणारा हा उत्सव २०२० नंतर बंद पडला होता. १ आणि २ फेब्रुवारीला पुन्हा भरला. घरापासून रिक्षाने जाता येईल इतक्या जवळ. आणि तुझ्या यादीत तो नाही! का? कारण फुकट पास मिळाला नाही. हो ना? इथे मला तुझा राग आला.

कोल्डप्लेसाठी तू साठवलेले सगळे पैसे मोजायला तयार होतीस. आणि तुमच्याच कॉलेजमधल्या पोरांचा बँड कॉलेज रोडच्या कॅफेत दोनशे रुपये तिकीट लावतो, तर तू आणि तुझ्या मैत्रिणी त्याच्या मागे लागता, ‘अरे, पास दे ना.’ ही नाशिकची जुनी सवय. कालिदास कलामंदिरात नाटक असो की मैफल, आधी पास कोणाकडे मिळेल ते शोधायचं, नाही मिळाला तर कार्यक्रमच बरा नव्हता म्हणायचं.

गायक विष्णु दिगंबर पलुसकर याच गावात येऊन राहिले होते, माहीत आहे? राजेरजवाड्यांच्या आश्रयाची वाट सोडून, तिकीट लावून सर्वसामान्यांसमोर गाणाऱ्या पहिल्या फळीतले ते. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते कुठल्या संस्थानिकाच्या जिवावर नाही, लोकांच्या पैशावर. १९०८ मध्ये मुंबईत आणलं, इमारत बांधली, कर्ज झालं आणि कर्जापायी इमारतीचा लिलाव झाला. मग नाशिकला रामनाम आधाराश्रमात राहिले. त्यांचा मुलगा, द. वि. पलुसकर, १९२१ मध्ये नाशिकचाच जन्मलेला. कुणाच्या दावणीला बांधून न घेता गायचं तर कुणालातरी पैसे मोजावे लागतात, हे शंभर वर्षांपूर्वी खरं होतं आणि त्या कॅफेतल्या पोरांच्या बाबतीतही खरं आहे. त्यांनी ॲम्प भाड्याने आणलेला असतो, ड्रमसेट टेम्पोतून आणलेला असतो. ऑनलाइन ऐकण्यातून त्यांना मिळतात ते पैसे सांगण्यासारखे नसतात. बँडकँपवर एखाद्याचा अल्बम विकत घेतलास, तर निदान त्यातला मोठा वाटा त्याच्या खिशात जातो.

आता तू ज्यासाठी एवढी मोठी यादी करून मला पटवत होतीस, तो मुद्दा. येत्या २४-२५ जानेवारीला लोलापलूझात लिंकिन पार्क. पहिल्यांदाच भारतात येताहेत. २०१७ मध्ये चेस्टर बेनिंग्टन गेल्यावर बँड संपला असं सगळे धरून चालले होते. आता एमिली आर्मस्ट्राँग गाते. तुझ्या शाळेतल्या वहीच्या कव्हरवर त्यांचं नाव होतं, ते मी विसरले नाही. जा. आईला मी समजावते, पण काही गोष्टी आधीच ठरवून टाकू.

पंचवटी एक्स्प्रेसने जायचं. दादरला उतरून पश्चिमेला यायचं, चर्चगेटची स्लो लोकल, महालक्ष्मी. परतीची पंचवटी संध्याकाळीच सुटते, म्हणजे मुख्य बँड मंचावर यायच्या आधी. ती पकडायच्या नादाला लागू नकोस आणि रात्री कुणाच्या गाडीने कसारा घाट चढायचा बेत तर अजिबात करू नकोस, समृद्धी महामार्ग इगतपुरीपासून आमण्यापर्यंत जूनमध्ये उघडला असला तरीही. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, २००० सालचा नियम आहे, त्यामुळे कार्यक्रम वेळेत आटोपतो. तिथून कल्याणला आत्याकडे. सकाळी तपोवन एक्स्प्रेस पकडून घरी. सोमवारी सव्वीस जानेवारी, कॉलेज बुडायचा प्रश्न नाही.

कानांचं मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. आवाज ८५ डेसिबल असेल तर कान आठ तास सोसतात. दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. म्हणजे शंभरला जेमतेम पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी सरासरी शंभरची मर्यादा सुचवली तीही यासाठीच. एसी/डीसीच्या ब्रायन जॉन्सनला २०१६ मध्ये बहिरेपणाच्या भीतीने दौरा अर्धवट सोडावा लागला होता. मेडिकलमध्ये फोमचे बोळे मिळतात, वळून कानात घालायचे. गाणं तरीही ऐकू येतं, कानात शिट्टी तेवढी वाजत नाही. बॅरिकेडच्या अगदी पुढे उभं राहायचा हट्ट नको, साउंडवाल्याच्या टेबलाजवळ उभी राहा. सगळ्यात चांगला आवाज तिथेच असतो, कारण तो तिथे बसूनच जुळवतो. कुणी हातात ग्लास दिला तर घ्यायचा नाही, स्वतःची पाण्याची बाटली स्वतः विकत घ्यायची. मोबाइलवर एक गाणं शूट कर, बस्स. बाकीचं बघ.

तिकिटाचे अर्धे पैसे मी देते. उरलेले अर्धे तुझे, शिकवणीच्या पैशातून. आणि माझी अट एकच आहे. लिंकिन पार्कच्या आधी, याच महिन्यात, त्या कॅफेत वाजवणाऱ्या तुमच्या पोरांचं तिकीट काढायचं. पास मागायचा नाही, ओळख काढायची नाही, दारावर दोनशे रुपये मोजायचे. गाणी बरी नसली तर तसं त्यांना तोंडावर सांगायचं, पण पैसे दिल्यावर. माझंही एक काढून ठेव, मी ऑफिसातून थेट तिकडे येते.